पूल कोणासाठी? : विल्यम टेंपल यांच्या एका पुस्तकाचे वाचन

१९२६ साली इंग्लंडमधील कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा काही बिशप सरकार, खाणमालक आणि कामगार यांच्यात समेट घडवू पाहत होते. पंतप्रधान बाल्डविन यांनी त्यांना विचारले, अथनेशियन श्रद्धासूत्राच्या दुरुस्तीचे काम मी लोखंड-पोलादवाल्यांच्या संघाकडे सोपवले तर तुम्हांला चालेल का? टोला वर्मी बसला. त्या बिशपांपैकी विल्यम टेंपल यांनी १९४२मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले आणि त्याची सुरुवात याच टोल्याने केली. आपल्या पक्षाच्या फजितीपासून ग्रंथारंभ करणारा धर्मगुरू विरळाच.

त्याच वर्षी ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले. वर्षअखेरीस बेव्हरिज अहवाल आला. बेव्हरिज ऑक्सफर्डमधले समकालीन, तर अर्थेतिहासकार टॉनी शाळेपासूनचे मित्र. (हे दोघेही जन्मले बंगालमध्ये, एक रंगपूरला, दुसरा कलकत्त्याला, साम्राज्याच्या नोकरशाहीची मुले मायदेशी जाऊन कल्याणकारी राज्याची पायाभरणी करतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

टेंपल यांचे उत्तर एका दाखल्यावर उभे आहे. पूल सुरक्षित असला पाहिजे, हे चर्चने अभियंत्याला बजावावे. आराखडा बरोबर की चूक, हे मात्र सांगू नये. तत्त्वे चर्चची, तपशील तज्ज्ञांचा. म्हणून घरे, शिक्षण, पुरेसे उत्पन्न, उद्योगाच्या कारभारात कामगाराला आवाज, विश्रांती आणि स्वातंत्र्य ही उद्दिष्टे मुख्य मजकुरात येतात. कुटुंबभत्त्यासारख्या योजना परिशिष्टात, आणि त्याही वैयक्तिक मत म्हणून.

ही वाटणी मला पटत नाही. पूल पडला की सगळ्यांना दिसतो. सुरक्षितता म्हणजे काय, यावर अभियंत्यांत फारसा वाद नसतो. अर्थव्यवस्थेत वाद नेमका तिथेच आहे. बेकार झालेला खाणकामगार हा आराखड्यातील दोष, की आराखड्याचा हिशेबात धरलेला खर्च? मालकाचा तज्ज्ञ एक सांगेल, संघटनेचा दुसरे. पूल कोणासाठी बांधायचा, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाहीच. तो तज्ज्ञाकडे सोपवला, तर बाल्डविन यांचा टोला निमूटपणे मान्य केल्यासारखे होते. टेंपल यांनाही हे जाणवले असावे. नाहीतर परिशिष्ट लिहायची गरजच काय होती?

पुस्तकाचे खरे बळ दुसरीकडे आहे. आदिपापाचा सिद्धान्त एरवी उपदेशासाठी वापरला जातो. टेंपल त्याचा राज्यशास्त्रीय उपयोग करतात. माणूस स्वार्थी आहे आणि राहणार, तेव्हा न्यायाला जे हवे तेच स्वार्थालाही करावेसे वाटेल अशी व्यवस्था लावणे, ही राज्यकारभाराची कला. भाबड्या समाजवादापेक्षा आणि बाजारभक्तीपेक्षाही हे शहाणपणाचे आहे. फक्त हे पाप मालकाच्या कचेरीत जितके शोधले, तितके सरकारी कचेरीत शोधलेले दिसत नाही. कुटुंब, कामगार संघटना, स्थानिक संस्था यांना ते राज्य आणि व्यक्ती यांच्यामध्ये मानाची जागा देतात खरे. पण लाभार्थ्याचा अर्ज अडवून बसलेल्या कारकुनाच्या स्वार्थाला न्यायाकडे कसे वळवायचे, याची चर्चा नाही. युद्धकाळात रेशन, कोळसा, मजूर सगळेच सरकार चालवत होते आणि बऱ्यापैकी चालवत होते. त्या विश्वासाची छाया पुस्तकावर आहे.

टेंपल ऑक्टोबर १९४४मध्ये वारले. तो कारकून त्यांना पाहायला मिळाला नाही.