बोरीची राख: कुणाचं वय मोजलं?

जुना वाद मुळापासून कसा वाचायचा, असं विचाराल तर मी जुन्नर तालुक्यातल्या बोरीचं नाव सांगेन. तिथे कुकडीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. शिवनेरीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख फार नंतरची, थेट सुमात्रातल्या टोबाहून आलेली. त्याच गाळात अश्युलियन हातकुऱ्हाडी मिळाल्या. म्हणून राखेचं वय कळलं की इथल्या आदिमानवाचं कळलं, असं धरलं गेलं.

आता तारखा बघा. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉनने सुमारे ६.७ लाख. १९९८ मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी राखेतल्या काचकणांवरून ७५ हजार ठरवली, वर द्वीपकल्पातली सगळी टोबा राख याच उद्रेकाची म्हटलं. २०११ मध्ये पुन्हा काही लाख वर्षं!

१९९८ चं काम मला भक्कम वाटतं. माझा आक्षेप त्या 'सगळी' शब्दाला आहे. तपासलेल्या कणांचं वय कळतं, न तपासलेल्या थरांचं नाही.

१४ लाखांचं उत्तर मलाही एकदा चुटकीसरशी सापडलं होतं. ७५ हजार वर्षांच्या राखेत २ टक्के बेसॉल्ट मिसळा, सरासरी जवळपास १४ लाख येते. खूश झालो. मग लक्षात आलं, घड्याळ पोटॅशियमवर चालतं आणि बेसॉल्टमध्ये ते राखेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं. म्हणजे किमान १७ टक्के बेसॉल्ट हवा. एवढी भेसळ भिंगाखाली दिसायलाच हवी. भेसळ अशक्य नाही, पण माझं सोपं उत्तर तिथेच बारगळलं. तुम्हीही आवडलेलं उत्तर असं उलटं तपासा, बरं का.

मोठी अडचण पुढेच आहे. कुकडी काय, आंबेगावकडून येणारी घोड काय, पावसाळ्यात काठ कापतात आणि माती पुढे नेऊन टाकतात. राख पडली तिथेच राहिली की वाहून येऊन पुन्हा साचली? हातकुऱ्हाड थराच्या वर होती, खाली होती, की दुसऱ्याच गाळातून आलेली? मोजलेली तारीख उद्रेकाची असते, हत्याराची नाही. म्हणून या वादातला कुठलाही निबंध हाती आला, की वयाच्या तक्त्याआधी थरांचं रेखाचित्र उघडा आणि नमुना नेमका कुठून उचलला ते शोधा.