७० गुणांची रेषा आणि यादीतून गळलेली मुलं



'खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण न खेळणाऱ्यांपेक्षा चांगले असतात, म्हणजे खेळामुळे अभ्यास सुधारतो.' संशोधन प्रस्तावात असं वाक्य सहज लिहिलं जातं. पण माहिती अमेरिकेतल्या हायस्कूलची असेल तर जरा थांबा. तिथे संघात राहायचं तर आधी पास व्हावं लागतं.

टेक्सासचं उदाहरण घेऊ. तिथे १९८४ मध्ये शिक्षण सुधारणेचा मोठा कायदा झाला. त्यामागे उद्योगपती रॉस पेरो यांची समिती होती. त्यातलं एक कलम 'नो पास, नो प्ले' म्हणून गाजलं. एका जरी विषयात १०० पैकी ७० पेक्षा कमी गुण पडले, तर सहा आठवडे खेळ बंद. फुटबॉलवेड्या राज्यात (त्यांचा फुटबॉल, आपला नव्हे) हे धाडसच होतं. प्रकरण कोर्टात गेलं. शाळेच्या उपक्रमांत भाग घेणं हा मूलभूत हक्क नाही, असं म्हणत १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. पुढे १९९५ मध्ये सहाचे तीन आठवडे झाले.

मुलाला चार वर्षं मैदानावर पळवायचं आणि वर्गात काय चाललंय ते विचारायचंही नाही, हे थांबायला हवंच होतं. त्यामुळे हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यश मोजण्याच्या पद्धतीबद्दल.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पेशींवर एका रसायनाचा परिणाम बघत होतो. ज्या प्लेटमधल्या पेशी मेल्या, त्या 'खराब' म्हणून टाकल्या आणि उरलेल्यांची सरासरी मोठ्या खुशीत दाखवली. मॅडमनी एवढंच विचारलं, "मेलेल्या प्लेट कुठे आहेत?" संघाच्या सरासरी गुणांचं असंच आहे. नापास झालेला मुलगा संघाबाहेर, म्हणून सरासरीबाहेर. मग सरासरी वर जाईल नाही तर काय!

दुसरी गोष्ट त्या ७० च्या रेषेची. ६९ वाला आणि ७० वाला यांच्यात तसा फरक नसतो, पण एक बाहेर बसतो आणि दुसरा खेळतो. या दोघांची तुलना केली की नियमाचा परिणाम कळेल, ही कल्पना मला खरंच आवडते. अट एकच: कुणालाही रेषेपलीकडे ढकलता येऊ नये. इथे गुण देतात त्याच शाळेचे शिक्षक, आणि शुक्रवारी संध्याकाळी सामना असतो! म्हणून आधी गुणांचा साधा आलेख काढा. ६९ वर खड्डा आणि ७० वर ढीग दिसला, तर ही पद्धत तिथेच बारगळली. (आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात. तिथे गुणांवर खेळ, इथे खेळावर गुण. दोन्हीकडच्या मार्कशीट एकाच अर्थाने वाचू नका.)

मला सगळ्यात जास्त खटकते ती सूट. मुलं अवघड विषय टाळतील म्हणून ऑनर्स आणि तशा प्रगत वर्गांना हा नियम लागू नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण म्हणजे ऑनर्सच्या गणितात ६५ मिळवणारा खेळतो आणि साध्या बीजगणिताशी झगडून ६८ पर्यंत आलेला बाकावर बसतो. त्याला आता सरावाला येता येतं, स्पर्धेत उतरता येत नाही. शाळेत टिकून राहायला ज्याच्याकडे खेळ हे एकच कारण असेल, त्याला ही शिक्षा सगळ्यात जड जाते.

म्हणून या विषयावर काम करणार असाल, तर वर्षाच्या सुरुवातीची, पहिली गुणपत्रिका लागण्याआधीची संघाची यादी मिळवा. त्यातल्या प्रत्येकाचा माग शाळा संपेपर्यंत ठेवा. किती जण तीन आठवड्यांनी परतले, कितींनी खेळ सोडला, कितींनी शाळाच सोडली? बाहेर काढलेल्या मुलाची ओळ एक्सेलमधून पुसू नका.