शालेय शोधनिबंधाची लांबी : 'इयत्तेगणिक एक पान' या सूत्राची चिकित्सा

प्रस्तावना :
शालेय विद्यार्थ्याने स्वतः माहिती शोधून, ती तपासून लिहावे, याविषयी शिक्षणक्षेत्रात आता फारसा मतभेद उरलेला नाही. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू झाली, तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत 'प्रकल्प' या तंत्राला स्थान मिळाले. मात्र प्रकल्पाचे लेखन किती मोठे असावे, या प्रश्नाकडे दुय्यम बाब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो दुय्यम नाही. अवाजवी लांबी मागितली की विद्यार्थी उतरवून काढतो. अगदीच तोकडी मागितली तर विचार करण्याची गरजच उरत नाही. प्रस्तुत लेखात या संदर्भातील एका प्रसिद्ध सूत्राची चिकित्सा करून उच्च प्राथमिक ते उच्च माध्यमिक स्तरासाठी पर्यायी निकष सुचविण्याचा प्रयत्न केला आहे.

सूत्राचे स्वरूप :
विल फिट्झह्यू यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत 'द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू' हे माध्यमिक विद्यार्थ्यांचे इतिहासविषयक निबंध प्रसिद्ध करणारे त्रैमासिक सुरू केले. त्यांनी मांडलेले सूत्र साधे आहे : पहिलीत एका पानाचा निबंध व एक संदर्भ, पाचवीत पाच पाने व पाच संदर्भ, बारावीत बारा पाने व बारा संदर्भ. विषय मात्र स्वतःखेरीज दुसरा असावा. याच नियतकालिकाच्या पुढाकाराने २००२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने माध्यमिक शाळांतील इतिहास शिक्षकांचे सर्वेक्षण केले. त्यात ९५ टक्के शिक्षकांनी शोधनिबंध महत्त्वाचा मानला. परंतु ६२ टक्के शिक्षक ३,००० ते ५,००० शब्दांचा निबंध कधीच लिहून घेत नव्हते आणि ८१ टक्के शिक्षक ५,००० शब्दांहून मोठा निबंध कधीच देत नव्हते.

गुण आणि मर्यादा :
या सूत्राचा मोठा गुण म्हणजे ते लेखनाला सवयीचे रूप देते. बारावीत पोहोचलेल्या विद्यार्थ्यावर दीर्घ लेखन एकाएकी कोसळत नाही. पानांबरोबर संदर्भही वाढावेत, ही अटही मोलाची आहे. तथापि सूत्राचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. इयत्तेगणिक पान वाढते, तशी विचाराची क्षमता समान पायऱ्यांनी वाढत नाही. सहावी ते आठवीत विद्यार्थी माहिती स्वतःच्या शब्दांत मांडायला शिकतो. नववी-दहावीत दोन साधनांतील विसंगती त्याच्या ध्यानात येऊ लागते. अकरावी-बारावीत तो स्वतःचे मत पुराव्यानिशी मांडू शकतो. म्हणजे वाढायला हवा तो प्रश्नाचा दर्जा, केवळ पाने नव्हेत.

दुसरी मर्यादा शिक्षकाच्या वेळेची आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकी बारा पाने म्हणजे ७२० पाने होतात. पानाला तीन मिनिटे धरली तरी एका वाचनाला ३६ तास लागतात. प्रत्येकी चार पाने असतील तर हेच काम १२ तासांत होते आणि दुसरा खर्डा वाचायला वेळ उरतो. न वाचल्या जाणाऱ्या निबंधातून विद्यार्थी एकच गोष्ट शिकतो : लिहिलेले कोणी वाचत नाही. शिक्षक शोधनिबंध महत्त्वाचा मानतात, पण मोठा निबंध लिहून घेत नाहीत, या २००२ च्या विसंगतीमागे हे गणित असावे, असे मानण्यास जागा आहे.

आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट पदविकेतील विस्तारित निबंधाची ४,००० शब्दांची मर्यादा आपल्याकडे अनेकदा आदर्श म्हणून सांगितली जाते. ही कमाल मर्यादा आहे, अपेक्षित किमान लांबी नव्हे. शिवाय तिच्यामागे विद्यार्थ्याचे सुमारे ४० तासांचे काम आणि मार्गदर्शकाचे प्रत्यक्ष तीन ते पाच तास गृहीत धरलेले असतात. आकडा घेऊन ही व्यवस्था मागे ठेवली, तर हाती केवळ ओझे येते.

मराठी माध्यमाचा प्रश्न :
इंग्रजीतील शब्दमर्यादा मराठीला जशीच्या तशी लावणे अशास्त्रीय आहे. 'फ्रॉम द वेल्स ऑफ द व्हिलेज' या सहा शब्दांचा आशय 'गावातल्या विहिरींतून' या दोन शब्दांत येतो, कारण विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जातात. त्यामुळे समान शब्दसंख्येत मराठी विद्यार्थ्याकडून अधिक मजकुराची मागणी होते. पानांचे मापही विश्वसनीय नाही. अक्षराचा आकार, समास आणि चिकटवलेली चित्रे यांनी पाने सहज भरतात. तयार प्रकल्पांच्या पुस्तिका दुकानात मिळतात, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हव्या त्या लांबीचा मजकूर क्षणात पुरवितात. लांबी हा श्रमाचा पुरावा पूर्वीही डळमळीत होता. आज तो पुरावाच उरलेला नाही.

पर्यायी निकष :
लांबी प्रश्नावरून ठरावी. 'आमच्या गावातील पाणीटंचाई' या विषयावर आठवीचा विद्यार्थी वीस पाने उतरवू शकतो. त्याऐवजी 'गावातील पाच सार्वजनिक विहिरींची पातळी मार्च ते मे या काळात किती खाली जाते?' असा प्रश्न दिला, तर दोरीने घेतलेली मापे, एक तक्ता, दोन वृद्धांच्या मुलाखती आणि ६०० शब्द पुरेसे होतात. मापे खरी असतील तर हे लेखन त्या वीस पानांहून निःसंशय श्रेष्ठ ठरते.

या दृष्टीने मराठी माध्यमासाठी पुढील कमाल मर्यादा सुचवाव्याशा वाटतात : सहावी ते आठवी, ४०० ते ८०० शब्द व दोन-तीन साधने, नववी-दहावी, १,००० ते १,५०० शब्द व किमान एक परस्परविरोधी साधन, अकरावी-बारावी, २,००० ते २,५०० शब्द व स्वतंत्र युक्तिवाद. प्रत्येक स्तरावर एक खर्डा शिक्षकाने वाचून परत देणे आणि शेवटी पाच मिनिटांची तोंडी विचारणा अनिवार्य असावी. दोन्हींसाठी वेळ काढणे शक्य नसेल, तर शब्दमर्यादा आणखी कमी करावी. वाचन आणि विचारणा मात्र गाळू नये.

निष्कर्ष :
'इयत्तेगणिक एक पान' हे सूत्र लेखनाची सवय लावण्यासाठी उपयुक्त आहे. मूल्यमापनाचे माप म्हणून ते अपुरे पडते. महाविद्यालयात प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी अनेक प्रकल्प 'सादर' करून आलेला असतो, परंतु स्वतःचा एक परिच्छेद लिहिताना अडखळतो. ही उणीव पाने वाढवून भरून निघणार नाही. शिक्षक जेवढे लक्षपूर्वक वाचू शकतो आणि विद्यार्थी ज्यातील प्रत्येक विधानाचे समर्थन करू शकतो, तेवढीच शालेय शोधनिबंधाची योग्य लांबी होय.