गिलाव्याची दोन कामे : वॉर्साचे जुने शहर आणि मुरानूव

वॉर्साच्या जुन्या शहराविषयी एक कथा नेहमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात हा भाग जमीनदोस्त झाला आणि अठराव्या शतकातील दरबारी चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याच्या चित्रांवरून तो जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. ही कथा अपुरी आहे, आणि तिने पुष्कळ काही झाकले जाते, असे माझे मत आहे.

बेलोत्तोची चित्रे प्रामुख्याने राजमार्ग, चर्च आणि राजवाडे यांची. त्यांचा उपयोग झाला हे खरे. पण हा चित्रकार तपशील स्वतःच्या कल्पनेने बदलीत असे. जुन्या शहरातील घरांसाठी अधिक भक्कम आधार होता तो वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी घेतलेल्या मोजमापांचा. ते आराखडे युद्धकाळात धोका पत्करून लपवून ठेवण्यात आले होते.

‘जसेच्या तसे’ हेही तपासून पाहावे लागते. यान झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील भर बरीचशी गाळली. मागच्या अंगणांतील दाटीची बांधकामे पुन्हा उभारली नाहीत. बाजारचौकातील दर्शनी भिंतींवरची जी रंगीत नक्षी मी जुनी समजून न्याहाळत होतो, ती १९५३ सालच्या चित्रकारांनी काढलेली आहे. विसाव्या शतकाने आपल्या भूतकाळावर केलेले हे भाष्य होय. युनेस्कोने १९८० मध्ये जागतिक वारशाचा मान दिला, तोही पुनर्बांधणीच्या या कामगिरीलाच.

यात मला खोटेपणा दिसत नाही. ज्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक ऐतिहासिक भाग उद्ध्वस्त केला गेला, त्याने आपला चेहरा परत मागितला तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र कोणाचा चेहरा परत आला, हे विचारलेच पाहिजे.

जुन्या शहरापासून पायी वीसेक मिनिटांवर मुरानूव आहे. युद्धापूर्वी ही दाट ज्यू वस्ती होती. पुढे ती वॉर्सा घेट्टोत गेली. १९४३ च्या उठावानंतर नाझींनी ती सपाट केली. तिचे जुने रूप कोणी परत आणले नाही. वास्तुविशारद बोहदान लाखेर्ट यांनी ढिगाऱ्यांच्या उंचवट्यांवरच नवी वसाहत रचली, त्याच राडारोड्याचा चुरा मिसळलेले ठोकळे वापरून. भिंतींना गिलावा नको, वसाहतच स्मारक व्हावी, अशी त्यांची कल्पना होती. घरे उदास दिसतात म्हणून पुढे गिलावा चढलाच. आजही काही घरांपर्यंत पायऱ्या चढून जावे लागते. त्या पायऱ्यांखाली जुन्या वस्तीचा ढिगारा आहे.

बाजारचौकात गिलाव्याने भूतकाळ दाखवला, मुरानूवमध्ये तो झाकला. जुन्या शहराची थोरवी सांगताना ही दुसरी भिंतही दाखवायला हवी. तिथला चेहरा परत मागायला त्या वस्तीतली माणसेच उरली नव्हती.