इयन केनेडी : व्याख्यानपीठ आणि चौकशी

लंडनच्या किंग्ज कॉलेजातील कायद्याचे प्राध्यापक इयन केनेडी यांनी १९८० साली बीबीसीवरून रीथ व्याख्याने दिली, तेव्हा ब्रिटनमधील वैद्यकवर्ग चांगलाच दुखावला. पुढील वर्षी ती ‘द अनमास्किंग ऑफ मेडिसिन’ या नावाने ग्रंथरूपात आली. वैद्यकाचा मुखवटा उतरवू पाहणारे हे पुस्तक आणि केनेडी यांच्याच अध्यक्षतेखाली २००१ साली सिद्ध झालेला ब्रिस्टॉल चौकशीचा अहवाल आम्ही लागोपाठ वाचला. आमच्या मते अहवाल हाच अधिक मोठा ग्रंथ आहे.

पुस्तकाचा प्रारंभ चतुर आहे. समलिंगी आकर्षण हा आजार नव्हे, असे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७४ साली मतदानाने ठरविले. मते मोजून जे ठरते ते निव्वळ शास्त्र कसे, असा लेखकाचा सवाल आहे. कोणाला रोगी म्हणावे, रुग्णाला किती सांगावे, हे निर्णय मुळात नैतिक आहेत आणि ते एकट्या डॉक्टरांवर सोपवू नयेत, हा त्यांचा सिद्धान्त. तो आजही खोडून काढणे कठीण. परंतु या पुस्तकात डॉक्टर जितका ठसठशीत उभा राहतो, तितका रुग्ण राहत नाही. तो युक्तिवादापुरता येतो आणि निघून जातो. आरोपीची उलटतपासणी कसून व्हावी आणि फिर्यादीला साक्षीस बोलावणे राहून जावे, तसे काहीसे हे झाले आहे.

ब्रिस्टॉलमध्ये ती साक्ष झाली. तेथील रॉयल इन्फर्मरीत १९८४ ते १९९५ या काळात बालकांवर झालेल्या हृदयशस्त्रक्रियांची ही चौकशी होती. १९९१ ते १९९५ या वर्षांत, सर्वसाधारण केंद्राशी तुलना करता, एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अधिक दगावली, असा तिचा निष्कर्ष. येथे एखादा खलनायक उभा करणे सोपे होते. अहवाल तसे करीत नाही. शस्त्रक्रिया एका इमारतीत, तर बालहृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात. मृत्यूंचे आकडे हाताशी, पण ते पाहण्याचे काम नेमके कोणाचे हे कोणालाच स्पष्ट नाही. भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन शंका घेतात, पण त्या ऐकून घेणारी व्यवस्थाच नाही. ही माणसे निष्ठुर नव्हती, कष्टाळू होती, आणि तरीही मुले गेली, हे अहवाल आवाज न चढवता सांगतो. वीस वर्षांपूर्वीचे केनेडी असे लिहू शकले असते, असे आम्हांला वाटत नाही.

२००० सालचा अंतरिम अहवाल तर त्याहून अस्वस्थ करतो. शवविच्छेदनानंतर बालकांची हृदये ठेवून घेतली गेली होती आणि आईबापांना ते वर्षांनंतर कळले. ज्याला आपण मातीत ठेवले ते लेकरू पुरते नव्हते, हे कळणे म्हणजे काय, हे दफनभूमीत उभे राहिलेल्यांना वेगळे सांगावयास नको. पुढे ब्रिटनमध्ये २००४ चा मानवी ऊतीविषयक कायदा झाला, त्यामागे हीच वेदना होती.

अहवालाच्या शेवटी १९८ शिफारशी आहेत. इतक्या गर्दीत मुख्य मुद्दा हरवतो. २००४ ते २००९ या काळात केनेडी इंग्लंडच्या आरोग्यसेवा तपासणी आयोगाचे अध्यक्ष होते. त्या आयोगाची वार्षिक तपासणी बव्हंशी रुग्णालयांनी स्वतःविषयी दिलेल्या निवेदनांवर उभी होती. व्यावसायिकांच्या आत्मपरीक्षणावर विसंबू नये असे बजावणाऱ्या लेखकाच्या कारकिर्दीतील ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

‘ट्रीट मी राइट’ या १९८८ च्या लेखसंग्रहात, रुग्णाला किती माहिती द्यावी हे डॉक्टरवर्गाच्या रिवाजावरून ठरविण्याविरुद्ध त्यांनी मांडणी केली आहे. आपल्याकडे २००८ साली एक खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. न्यायालयाने डॉक्टरला दोषी धरले. परंतु माहिती किती द्यावी या प्रश्नावर, भारतीय परिस्थितीकडे बोट दाखवून, इंग्लंडमधील त्याच डॉक्टरकेंद्री निकषाला पसंती दिली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तो निकष टाकून दिला. त्या लेखसंग्रहातील संमतीविषयक लेख तरी एखाद्या विधिज्ञाने मराठीत आणावेत, अशी आमची सूचना आहे.