काळे रान आणि करडा मापदंड

लाइट मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. समोरून किती प्रकाश परत येतो, एवढेच कळते. छायालेखनाच्या विद्यार्थ्याला हा धडा अगदी सुरुवातीला मिळतो. वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजणारा मीटर असे धरून चालतो, की समोरचे दृश्य सरासरीने सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवते. या मधल्या छटेला करडा म्हणतात आणि ती दाखवणारे कार्ड प्रत्येक वर्गात असते.

आता हा मीटर बुलढाणा जिल्ह्यातल्या, लोणार तालुक्यातल्या बीबीच्या शिवारात नेऊन पाहावा. नांगरलेल्या काळ्या रानावर धरला तर तो सांगेल, उजेड कमी आहे, अॅपर्चर उघडा. त्याचे ऐकले की काळी जमीन राखेसारखी दिसते. तोच मीटर वेचून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर धरला तर सांगेल, उजेड फार आहे, अॅपर्चर बंद करा. ऐकले की कापूस मळतो. दोन्ही वेळा मीटर चोख काम करतो आणि दोन्ही वेळा चित्र खोटे ठरते. जमीन किती काळी ठेवायची आणि कापूस किती पांढरा, हे ज्याने दोन्ही पाहिले आहेत त्यानेच ठरवायचे असते. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास बसवलेली झोन पद्धत याच निर्णयाचे शास्त्र आहे: छटा मोजायची आणि मग तिची जागा आपण नेमायची.

छायालेखनाचे शिक्षण म्हणजे हा निर्णय घेण्याचे शिक्षण होय. त्याचा विचार करताना आपण यंत्रांविषयी आणि संस्थांविषयी पुष्कळ बोलतो. विद्यार्थी ज्या गावाहून येतो त्या गावाच्या उजेडाविषयी जवळजवळ बोलतच नाही.

आपल्याकडचा या विद्येचा पहिला विद्यार्थी म्हणजे दादासाहेब फाळके. १९१२ साली ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतले काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी प्रथम चित्रित केली ती वाटाण्याच्या रोपाची वाढ. कुंडीतले रोप रोज थोडे थोडे टिपायचे, म्हणजे पडद्यावर ते झरझर वाढते. कथा नाही, नट नाहीत. काळ आणि उजेड यांच्याशी यंत्राचे नाते काय, एवढाच प्रश्न. मग त्यांनी त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा शिकवला आणि १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ तेलंगांनी चित्रित केला. लंडनमधले शिक्षण थोड्या दिवसांचे होते. उरलेले घरच्या कुंडीने पुरे केले.

पुढचा टप्पा कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर यांच्या मंडळीत कॅमेरा हा कारागिरीचा विषय होता. तो त्यांनी स्वतः घडवलाही. त्या तालमीतून निघालेल्या माणसांनी १९२९मध्ये ‘प्रभात’ काढली. १९३३मध्ये ती पुण्याला आली आणि तिच्याच आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. जागा तीच राहिली, शिकण्याची रीत मात्र बदलली. हाताखाली राहून उचलायची विद्या अभ्यासक्रमात बसली. याचा लाभ मोठा होता: सिनेमावाल्यांच्या घरात न जन्मलेल्या मुलालाही दार उघडले. पण अभ्यासक्रमाला सर्वांसाठी एकच मापदंड लागतो, आणि करडे कार्ड हा असाच मापदंड आहे. विद्यार्थ्याने त्यापाशी थांबायचे की तिथून निघायचे, हा खरा प्रश्न.

निघालेल्यांची उदाहरणे आहेत. सुब्रत मित्र कोणत्याही संस्थेत शिकले नव्हते. ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक कलकत्त्यात सेटवर उभारला होता. चौकात उजेड वरून, आकाशातून झिरपत येतो आणि ठळक सावल्या पाडत नाही, हे त्यांनी हेरले. वर पांढरे कापड ताणून त्यावर दिवे सोडले आणि परतलेल्या उजेडात चित्रण केले. आपल्या वाड्यांमध्ये वाढलेल्या कोणालाही तो उजेड ओळखता येईल. तो मोजून पुन्हा निर्माण करणे ही मित्रांची विद्या. इन्स्टिट्यूटच्या पहिल्या पिढीतले के. के. महाजन यांच्यापुढे ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) नेमकी उलट अडचण होती: सौराष्ट्राची चकाकती वाळू. आपल्या काळ्या रानाचे हे दुसरे टोक.

अलीकडच्या मराठी चित्रपटांत इन्स्टिट्यूटमध्येच छायालेखन शिकलेल्या अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) पाहावा. किल्ल्यात एकट्या राहिलेल्या मुलावर पाऊस कोसळतो, तेव्हा कोकणच्या पावसाळ्यातला विरलेला उजेड त्याच्या एकटेपणाचा भाग होतो. हे यश पाहून कोणी तीच ओलसर, मवाळ छटा विदर्भावर चढवली तर ती उसनी दिसेल. विदर्भातल्या शेतकऱ्याची कथा सांगणाऱ्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) आकाश हे पात्रच आहे, कोरडे आभाळ आणि भरून आलेले आभाळ यांतल्या फरकावर घराचे जगणे टांगलेले असते. तिथे दुपार मवाळ केली तर कथाच मोडेल.

म्हणजे विदर्भाचा उजेड विदर्भातल्याच माणसाने टिपावा काय? ‘नाळ’ (२०१८) याचे उत्तर नकारार्थी देतो. विदर्भातल्या खेड्यात घडणारा हा चित्रपट सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी दिग्दर्शित केला आणि चित्रितही केला. ते मूळचे तेलुगूभाषक. स्थानिकता जन्माने फुकट मिळत नाही, ती पाहून, थांबून, मोजून मिळवावी लागते. बीबीच्या मुलाला एक सवलत जरूर आहे: पेरणीपूर्वी आभाळ कसे दिसते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पण ही जाण निर्णयात उतरली नाही, तर ती नुसती आठवण राहते.

आज हा प्रश्न तातडीचा झाला आहे, कारण आता पहिला कॅमेरा पुण्यात मिळत नाही, तो खिशातच असतो. मोबाइलचे स्वयंचलित एक्स्पोजर सावली उजळवते, आभाळ दाबते आणि भर दुपारला सकाळीसारखे गोड करते. मीटर निदान चुकत होता हे कळत होते. मोबाइल चूक लपवून देखणे चित्र हाती ठेवतो. त्यामुळे निर्णय घ्यायचा होता, याचाच पत्ता विद्यार्थ्याला लागत नाही. घरी कॅमेरा आला म्हणून विद्या घरी आली, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

उपाय महागडा नाही. एक्स्पोजर लॉक करावे, एकच बांध सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत दर तासाला टिपावा, आकडे वहीत लिहावेत. तोच बांध पेरणीच्या आधी, श्रावणात आणि वेचणीच्या दिवसांत पुन्हा टिपावा. फाळक्यांच्या वाटाण्याचीच ही रीत. असा वर्षभराचा तक्ता घेऊन जो विद्यार्थी प्रवेशपरीक्षेला जाईल, त्याच्याकडे संस्थेला शिकवण्याजोगे आणि संस्थेने शिकण्याजोगेही काही असेल. आणि संस्थांनीही पहिल्या वर्षी करड्या कार्डाशेजारी विद्यार्थ्याच्या गावची मूठभर माती ठेवायला हरकत नाही. तिची जागा कोणत्या छटेवर, हे त्यालाच ठरवू द्यावे.