न वटलेला धनादेश : स्पायडरमॅनच्या कथेतील नाव, पत आणि घरभाडे

‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या चित्रकथामालेच्या पहिल्या अंकात (मार्च १९६३) एक छोटासा प्रसंग आहे. अंगभर तांबडा-निळा पोशाख चढवलेला, चेहरा संपूर्ण झाकलेला नायक बँकेच्या खिडकीसमोर उभा आहे. रंगमंचावर कसरती करून मिळवलेल्या मानधनाचा धनादेश त्याच्या हातात आहे आणि तो ‘स्पायडरमॅन’ याच नावाने काढलेला आहे. कारकून ओळखीचा पुरावा मागतो. नायक आपला पोशाख पुढे करतो. असा पोशाख कोणीही घालू शकेल, हे कारकुनाचे उत्तर बिनतोड असते. भिंतीवर सरसर चढणाऱ्या या तरुणाचे त्यापुढे काही चालत नाही. धनादेश वटत नाही.

हा प्रसंग करमणुकीचा म्हणून सोडून देता येईल. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांचा त्या पानावरील हेतू कदाचित तेवढाच असेल. परंतु महानायकाच्या कथाप्रकारात पैशाचा प्रश्न प्रथमच इतक्या नेमक्या रूपात येथे अवतरतो. नायक गरीब आहे, एवढेच या प्रसंगाचे म्हणणे नाही. जे नाव त्याने पराक्रमासाठी धारण केले त्या नावाला बाजारात पत नाही, आणि ज्या नावाला थोडीफार पत आहे त्या नावाने त्याने पराक्रम केलेला नाही, हे त्याचे म्हणणे आहे. गुप्त ओळख हा या कथाप्रकाराचा जुना संकेत. त्या संकेताचे आर्थिक मोल किती, हे या मालिकेने पहिल्यांदा मोजून दाखवले.

त्याआधीच्या नायकांना हे मोजावे लागले नव्हते. १९३८ साली अवतरलेल्या सुपरमॅनला क्लार्क केंट या नावाने वृत्तपत्रात पगाराची नोकरी आहे. १९३९ सालचा बॅटमॅन तर गर्भश्रीमंतच. उंबेर्तो एको यांनी सुपरमॅनच्या मिथकावरील आपला सुप्रसिद्ध निबंध १९६२ साली इटालियनमध्ये लिहिला. ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात स्पायडरमॅन प्रथम दिसला तेही याच वर्षी. एकोंचे प्रतिपादन असे : मिथकातील नायक अपरिवर्तनीय असावा लागतो, कादंबरीतील नायक घटनांनी घडत जातो, सुपरमॅनला दोन्ही साधायचे असल्यामुळे त्याच्या कथा कालप्रवाह पुसट झालेल्या, स्वप्नवत वातावरणात घडतात. प्रत्येक कृतीबरोबर नायक थोडा ‘खर्च’ होत जाईल, म्हणून प्रत्येक कथा आधी काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते. याच निबंधात त्यांनी आणखी एक बोचरे निरीक्षण नोंदवले आहे. सुपरमॅनच्या जगात दुष्टपणा जवळजवळ नेहमी खाजगी मालमत्तेवरील हल्ल्याच्याच रूपात येतो आणि चांगुलपणा दानधर्माच्या.

पीटर पार्करच्या कथेत या स्वप्नवत काळाला छेद देणारी गोष्ट म्हणजे घरभाडे. मरण पुढे ढकलता येते, लग्न लांबवता येते. भाड्याची तारीख मात्र टळत नाही. बेन काकांच्या मृत्यूनंतर पहिल्या अंकाच्या आरंभीच घरमालक दाराशी उभा आहे. काही पानांनंतर मे काकू आपले दागिने गहाण टाकताना पुतण्याला दिसते. सामर्थ्याच्या बळावर चोरी करण्याचा विचारही त्याच्या मनाला शिवून जातो. याच अंकातील दुसऱ्या कथेत तो ‘फॅन्टास्टिक फोर’ या प्रतिष्ठित महानायक-मंडळीत भरती होण्यासाठी जातो आणि पगार किती हे विचारतो. ही संस्था नफ्यासाठी नाही, पगार देत नाही, हे ऐकून निघून येतो. न्यायासाठी लढणाऱ्याने वेतनाची चौकशी करावी, यात औचित्यभंग आहे आणि तोच या कथेचा प्राण आहे. लोककल्याण विनावेतन करणे कोणाला परवडते, हा प्रश्न त्या एका चौकशीत अनायास विचारला गेला आहे.

या नायकाने आपले सामर्थ्य सर्वप्रथम वापरले तेही पैशासाठीच, हे विसरता कामा नये. १९६२ च्या मूळ कथेत तो आखाड्यात एका पहिलवानासमोर तीन मिनिटे टिकून शंभर डॉलर मिळवायला उतरतो. पुढे दूरचित्रवाणीवर चमकतो, आणि समोरून पळणाऱ्या चोराला अडवणे हे आपले काम नव्हे म्हणून त्याला जाऊ देतो. तोच चोर बेन काकांचा खून करतो. सामर्थ्य आणि जबाबदारी यांविषयीचे ते बहुचर्चित वाक्य पुढे चित्रपटाने काकांच्या तोंडी घातले. मूळ कथेत ते निवेदकाच्या चौकटीत, अगदी शेवटी येते. हा फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. मूळ संहितेत जबाबदारी हा घरातून मिळालेला संस्कार नाही. वेतनाच्या हिशेबात गुंतलेल्या एका तरुणावर बाहेरून लादलेला तो निष्कर्ष आहे. त्यापुढे कमाईची इच्छा आणि अपराधभाव एकमेकांपासून सुटे होत नाहीत.

संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त, धीरोद्धत असे भेद केले. त्यांत आर्थिक स्थिती हा भेदाचा निकष नाही. तरीही दारिद्र्याला नाट्याच्या केंद्राशी आणणारी एक कृती आपल्या परंपरेत आहे : शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरामुळे ती मराठी रसिकांच्याही अंगवळणी पडलेली आहे. चारुदत्त निर्धन आहे, परंतु त्याचे नाव शाबूत आहे; वसंतसेना त्याच्याकडे अलंकार ठेव म्हणून ठेवते ते त्या नावाच्या भरवशावर. शर्विलक भिंत फोडून ठेव चोरून नेतो तेव्हा चारुदत्ताला अलंकारांपेक्षा भय वाटते ते लोकापवादाचे. चोरी झाली हे खरे असले तरी दरिद्री माणसाच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवील? अशा वेळी धूता आपली रत्नावली काढून देते. मे काकूचे गहाण पडलेले दागिने आणि धूतेची रत्नावली यांतील साम्य वरवरचे आहे. भेद अधिक बोलका आहे. धूता रत्नावली देते ती पतीची पत राखण्यासाठी. मे काकू दागिने मोडीत काढते ती छप्पर राखण्यासाठी. उज्जयिनीत पत माणसाच्या चारित्र्याला चिकटलेली आहे आणि दारिद्र्य तिला धोक्यात आणते. न्यूयॉर्कमध्ये पत कागदावरच्या नावाला चिकटलेली आहे आणि चारित्र्य तिच्यात भर घालू शकत नाही. मराठीत ‘पत’ हा शब्द अब्रू आणि उधारीची योग्यता या दोन्ही अर्थांनी चालतो. या दोन अर्थांची फारकत झाल्यावर नायकाचे काय होते, हे चित्रकथेच्या त्या पानावर दिसते.

दुसऱ्या अंकात (मे १९६३) या फारकतीवर एक तोड निघते आणि ती मूळ दुखण्यापेक्षा विचित्र आहे. पार्कर ‘व्हल्चर’ या खलनायकाची छायाचित्रे काढून प्रकाशक जे. जोना जेमसन यांस विकतो. पुढे स्वतःच्याच झुंजींची छायाचित्रे विकणे हा त्याचा चरितार्थ बनतो. म्हणजे स्पायडरमॅनच्या श्रमाचे मोल अखेर पार्करच्या नावाने वटते, पण ते श्रमाचे मोल म्हणून नव्हे, श्रमाच्या प्रतिमेचे मोल म्हणून. शिवाय विकत घेणारा तीच प्रतिमा छापून त्या श्रमिकाला समाजकंटक ठरवतो. परात्मतेची संकल्पना विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. चौथ्या अंकात तर सँडमॅनबरोबरच्या लढाईचे छायाचित्र हाती नाही म्हणून नायक वाळू उधळून बनावट छायाचित्र तयार करतो. त्याच अंकात झटापटीत फाटलेला मुखवटा शिवण्यासाठी त्याला घरी परतावे लागते. पोशाख फाटतो, तो शिवावा लागतो, शिवताना कोणी पाहू नये याची काळजी घ्यावी लागते. महानायकाच्या कथेत सुईदोऱ्याला मिळालेले हे स्थान डिटकोंच्या रेषेचे देणे आहे. त्यांचा पार्कर खांदे पाडून चालतो.

मात्र या मालिकेचे वास्तववादी म्हणून सरसकट कौतुक करणे घाईचे ठरेल. दुसऱ्या अंकात पार्कर काकूला वर्षभराचे भाडे भरल्याची आनंदवार्ता देतो. वर्ष संपण्याची वाट न पाहता, कसलाही हिशेब न देता पुढील अंकांत टंचाई परत येते. नायक १९६५ साली शाळा संपवून महाविद्यालयात जातो, त्याचे वय थोडे वाढते, खिसा मात्र प्रत्येक वेळी पहिल्याइतकाच रिकामा. एकोंनी ज्याला स्वप्नवत काळ म्हटले तो येथे पाकिटात शिरला आहे, असे म्हणावे लागते. कादंबरीत दारिद्र्याला इतिहास असतो : ते कशाने आले, कशाने वाढले, त्याने माणसाचे काय केले. मालिकेतील टंचाईला असा इतिहास असू शकत नाही, कारण ती संपली तर नायकच संपेल. याचा सर्वांत गमतीदार पुरावा अलीकडच्या कथानकांत आहे. २०१३-१४ च्या सुमारास पार्करच्या शरीरात त्याचा शत्रू ऑटो ऑक्टेव्हियस याचे मन वस्तीला येते. तो पार्करच्या नावावर डॉक्टरेट मिळवतो आणि ‘पार्कर इंडस्ट्रीज’ ही कंपनी काढतो. स्वतः पार्करला ती वारसाहक्काने मिळते. २०१५ मध्ये तो जगभर पसरलेल्या उद्योगाचा प्रमुख होतो आणि २०१७ मध्ये सर्व काही गमावून बसतो. श्रीमंती येण्यासाठी या देहात दुसऱ्या कोणाला तरी राहावे लागले!

कागदाबाहेरचा इतिहासही नाव आणि मोबदला यांच्या याच गाठीभोवती फिरतो. पानागणिक दराने काम करणाऱ्या डिटकोंनी १९६६ साली ही मालिका सोडली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२१ मध्ये त्यांच्या वारसांनी स्वामित्वहक्क परत मिळवण्यासाठी नोटीस दिली. प्रकाशनसंस्थेची भूमिका हे काम मोबदला देऊन करवून घेतलेले होते अशी होती. डिसेंबर २०२३ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली.

चित्रपटांपैकी सॅम रायमींचा २००४ सालचा ‘स्पायडरमॅन २’ पैशाच्या प्रश्नाशी सर्वांत प्रामाणिक राहिला आहे. पिझ्झा वेळेत पोचवता न आल्याने नोकरी जाते, घरमालक भाड्यासाठी दार अडवतो (त्याचे आडनाव डिटकोविच ठेवून दिग्दर्शकाने मूळ चित्रकाराला दाद दिली आहे), सार्वजनिक धुलाईयंत्रात पोशाखाचा रंग इतर कपड्यांना लागतो. पण खरा उल्लेखनीय प्रसंग बँकेतला आहे. मे काकूला कर्ज नाकारले जाते. लगेच त्याच बँकेवर डॉक्टर ऑक्टोपस दरोडा घालतो, आणि नायक मुखवटा चढवून दरोडेखोराशी झुंजतो. काकूचे घर वाचवण्यासाठी त्याच्या सामर्थ्याचा काडीचा उपयोग नाही. ज्या तिजोरीने तिला नकार दिला तिच्या रक्षणासाठी मात्र ते तत्काळ उपयोगी पडते. एकोंचे ते बोचरे निरीक्षण चित्रपटाने नकळत दृश्यरूप केले आहे. त्यानंतरच्या चित्रपटांत ही धार कमी होते. २०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये नायकाच्या पाठीशी टोनी स्टार्कसारखा अब्जाधीश आहे आणि पोटाची चिंता खलनायकाकडे गेली आहे : ढिगारा उपसण्याचे कंत्राट हातचे गेल्याने तो गुन्हेगारीकडे वळतो. हा बदल विचार करण्याजोगा आहे. २०२१ च्या ‘नो वे होम’च्या अखेरीस सर्व जग पार्करला विसरते आणि तो भाड्याच्या लहानशा खोलीत स्वतः पोशाख शिवतो. सुईदोरा परत येतो, पण आता त्याच्या पार्कर या नावालाही ओळखणारे कोणी उरलेले नाही.

या नायकाला भारतात आणण्याचा प्रयत्न २००४-०५ मध्ये झाला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची ‘स्पायडरमॅन : इंडिया’ ही चार अंकांची मालिका मुंबईत घडते. पवित्र प्रभाकर हा खेड्यातला मुलगा शिष्यवृत्तीवर मोठ्या शाळेत येतो, भीम काका आणि माया काकू यांच्याबरोबर राहतो, पोशाखावरून सहाध्याय्यांची कुचेष्टा सोसतो. काकांची ओढाताणही सूचित होते. रचनेच्या दृष्टीने हे रूपांतर चतुर आहे. तांबड्या-निळ्या पोशाखाला धोतराची जोड देण्यातील दृश्यकल्पनाही नाकारता येत नाही. पण मूळ कथेचा कणा मुंबईच्या वाटेवर हरवला. कोळ्याचा दंश हा निव्वळ अपघात होता. त्यात पात्रतेचा प्रश्न नव्हता आणि म्हणूनच जबाबदारी ओझे ठरत होती. पवित्रला सामर्थ्य मिळते ते एका योग्याकडून, निवड होऊन. परिणामी त्याचे दारिद्र्य अडचण न राहता योग्यतेची खूण बनते. उद्योगपती नलिन ओबेरॉय ताईताच्या प्रभावाने राक्षस होतो तेव्हा संपत्तीचा प्रश्न अलगद सुरासुरांच्या युद्धात विरून जातो.

आणि हे घडते कोणत्या शहरात? जेथे भाडेनियंत्रणाचा १९४७ चा कायदा, पागडी, चाळीतील खोलीवरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे खटले यांनी मध्यमवर्गीय आयुष्याला आकार दिला त्या मुंबईत. भाड्याच्या कथेसाठी याहून सुपीक भूमी जगात दुसरी नसेल. पागडीच्या खोलीवर कोणाचे नाव लागले आहे, भाडेपावती कोणाच्या नावाने फाडली जाते, काकांच्या पश्चात ती पुतण्याच्या नावावर होते की नाही, हे प्रश्न बँकेच्या खिडकीवरील त्या कारकुनाच्या प्रश्नाचेच सख्खे भाऊ आहेत. रूपांतरकारांनी धोतर आणले, योगी आणला, राक्षस आणला. भाडेपावती आणली नाही. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये पवित्र पुन्हा दिसतो तो ‘मुंबटन’ नावाच्या कल्पित महानगरात, हसतमुख आणि बेफिकीर. तेथील उंच, दाटीवाटीच्या इमारतींवरून तो झोके घेत जातो, आणि त्यांतील कोणत्याही दारावर भाडे मागणारा कोणी थाप देताना दिसत नाही.